काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर : न्हाणीघरातली दांडी आणि भिगवणची सहल

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी सासूबाईंना वाचून दाखवली, कारण ती मुळात त्यांच्याविषयीच आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : न्हाणीघरात आधाराची दांडी, खुर्ची, दाराला रबराची पट्टी असले उद्योग करून आम्ही घराचं इस्पितळ केलं. पुण्याच्या थंडीला एवढं करायची गरज नाही, वाड्यात बंबाच्या पाण्यावर तुमचं आयुष्य गेलं, फार तर न्हाणीघराची खिडकी घट्ट लावून घ्यावी. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला जानेवारीत पहाटे भिगवणला नेणं ही तरुणांची हौस, म्हाताऱ्या माणसाला घरी उबेत राहू द्यावं. तुम्हीही पंचाहत्तरी ओलांडली आहे, तेव्हा हे कळवळ्याने लिहिलंय यात मला शंका नाही. पण मला ते पटलेलं नाही.

आधी खिडकीचं, कारण ते जिवाशी आहे. तुमच्याकडे गॅसचा गीझर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तो न्हाणीघराच्या आत असेल तर खिडकी कृपा करून बंद करू नका. हवा अपुरी पडली की जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. गरगरायला लागतं, आणि कडी लावलेल्या दाराआड माणूस बेशुद्ध पडतो. असा गीझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून फक्त पाण्याचा पाइप आत घ्यायचा असतो. आमचा गीझर विजेचा आहे, तरी न्हाणीघराची झडप आम्ही बुजवलेली नाही. रबराची पट्टी लावली ती आईंच्या खोलीतल्या बाल्कनीच्या दाराला, खालच्या फटीतून रात्रभर वारा येत होता म्हणून.

आता थंडी. पुण्यात जानेवारीत दुपारी पंखा लावावासा वाटतो आणि पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. आईंची अडचण त्या पहाटेच्या दीड-दोन तासांची आहे. गोधडीतून उठून गार फरशीवर पाय ठेवला की रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. त्यात डोळ्यांवर झोप, अंधार, आणि ओली फरशी. घरातली एकूण एक दुरुस्ती आम्ही तेवढ्या वेळासाठी केली : पलंगाजवळ हाताला लागेल असं बटण, खोलीपासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा, बसून आंघोळीला प्लास्टिकची भक्कम खुर्ची. गीझरचा काटा 50 अंशांवर ठेवलाय. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि म्हातारपणी कातडी पातळ झालेली असते.

दांडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, बऱ्याच जणांनी विचारलंय. टॉवेलची दांडी आधाराला चालत नाही, ती माणसाचं वजन पेलायला केलेलीच नसते. रबरी वाटी दाबून चिकटवायच्या दांड्या मिळतात, त्या तर घेऊच नका, ओलाव्याने कधी सुटतील याचा नेम नसतो. स्टीलची, पकडीच्या जागी खरबरीत असलेली दांडी घ्यावी आणि टाइलमधून आरपार विटेच्या भिंतीत अँकर बोल्टने बसवावी. टाइलवर आधी बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर जागा बदला. उंची मात्र पुस्तकातली घेऊ नका. आम्ही आईंना खुर्चीवर बसवलं, उठायला सांगितलं, त्यांचा हात आपोआप जिथे गेला तिथे पेन्सिलने खूण केली. दुसरी दांडी कमोडशेजारी तशीच.

यात इस्पितळ कुठे आलं, काका? दांडी नव्हती तेव्हा आईंच्या आंघोळीला मी दाराबाहेर उभी असायचे, आणि दर दोन मिनिटांनी हाक मारायचे. कमालीच्या संकोची बाई त्या. आता दार लोटून घेतात, हवा तेवढा वेळ लावतात, आत रामरक्षा म्हणतात. त्यांचं एकांतातलं स्नान त्यांना परत मिळालं, याचं मोल मला फार वाटतं.

सहलीचा विचारही आम्ही असाच, त्यांच्या ताकदीला धरून केला. पहाटे निघालोच नव्हतो. ऊन चढल्यावर नवाच्या पुढे निघालो. सोलापूर रस्त्याने भिगवण जेमतेम शंभर किलोमीटर, पण तास-सव्वा तासाने थांबत गेलो. लघवीच्या भीतीने म्हातारी माणसं प्रवासात पाणीच पीत नाहीत, आणि थंडीत तहानही कमी लागते. म्हणून गाडीत घडीचा कमोड स्टूल आणि थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवलं. रक्तदाबाच्या गोळीची त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून घेतली होती. परतीला अंधार पडू दिला नाही, कारण दौंड-इंदापूर पट्ट्यात या दिवसांत गळीत हंगाम जोरात असतो आणि उसाच्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो.

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर आई नावेत बसल्या नाहीत. काठचा चिखल पाहून त्यांनीच नको म्हटलं. काठावर खुर्ची टाकून, शाल पांघरून बसल्या. मुलं नावेतून रोहित आणि पट्टकादंब हे पाहुणे पक्षी बघून आली आणि सगळं त्यांना सांगत बसली. हिमालय ओलांडून येणारं पाखरू आपल्या भीमेच्या पाण्यावर उतरतं, हे आईंना फार आवडलं.

मग शेतावर हुरडा. आईंचं माहेर करमाळ्याकडचं. आगटीत गोवऱ्यांचा जाळ जास्त झाला, तेव्हा कणसं बाहेर काढायला त्यांनीच लावलं. गरम कणीस तळहातावर चोळून दाणे कसे पाडायचे, हे माझ्या मुलीला त्यांनी शिकवलं. घरात चार माणसांसमोर गप्प असणारी बाई तिथे दोन तास बोलत होती. ‘उबेत राहू द्या’ म्हणून त्यांना घरी ठेवलं असतं, तर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर दुपार गेली असती. त्यांना आधी विचारलं होतं, काका. त्या हो म्हणाल्या होत्या. तुमच्या घरी तुम्हाला कुणी विचारतं की नाही, हे मला ठाऊक नाही. विचारत नसतील तर तुम्ही स्वतःहून सांगा.

फेब्रुवारी उजाडायच्या आत वाईला जायचा विचार आहे. ढोल्या गणपतीचं दर्शन आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या आईंना जमणार नाहीत, त्या वाड्यातच थांबतील. तुमचं लहानपण वाईत गेलं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारते : वाड्याच्या दारापर्यंत गाडी जाते का, आणि आत बसायला ओटा किंवा सावलीची जागा आहे का? तेवढं कळवलंत तर बरं होईल.