पाच माणसं पुरतात, पण कुठली पाच?

वापरकर्ता चाचणीला, म्हणजे ॲप किंवा वेबसाइट खऱ्या माणसांना वापरायला देऊन अडचणी शोधायला, पाच माणसं पुरतात, असं एका लेखात वाचलं; पण ते वाक्य अर्धंच आहे. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेला तो हिशेब: पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण वापरणारे गट अगदी वेगवेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसं स्वतंत्र बसवा, असंही त्यांनी तिथेच म्हटलंय. ही अट वर्गात कुठे गळते कोण जाणे. मी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे चाचणीला वसतिगृहातलीच पोरं धरून आणतात. सगळी झटपट पास!

सुट्टीत दाखल्याच्या ऑनलाइन अर्जाचा नमुना हर्णैच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या मावशींना दाखवला. उन्हात फिकट राखाडी अक्षरं दिसेनात, ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना, हे किरकोळ. खरी अडचण ओटीपीची. नंबर जोडलेला मुलाचा, आणि तो नालासोपाऱ्याला. त्याने फोन उचलेपर्यंत मुदत संपते नि अर्ज पुन्हा पहिल्यापासून. "गणपतीत येईल तेव्हा भरू," म्हणाल्या. बटणाचा रंग बदलून हे सुटत नाही. अर्धा अर्ज जतन व्हायला हवा, ओटीपी शेवटी मागायला हवा.