गट नंबरावरून पाणी सांगणारा उपग्रह

गट नंबर पाठवा, उपग्रह जमिनीखाली हजार फुटांपर्यंत पाहून पाणी किती फुटांवर आणि किती इंच धारेचे आहे ते सांगतो, नकाशात निळा रंग असेल तर बोअर फेल जाणारच नाही, अशा आशयाचा संदेश सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. सांगोला तालुक्यातील माझ्या मामांनी त्यावर विसंबून, ‘480 फुटांवर दोन इंच’ या शब्दाखातर बोअरची गाडी बोलावली आणि 620 फुटांपर्यंत राखाडी फुपाट्याशिवाय काही वर आले नाही. तसे झाले नसते, तर असल्या मजकुराला उत्तर देण्यात मी वेळ घालवला नसता.

हजार फुटांची गोष्ट निव्वळ थाप आहे. छायाचित्रे घेणाऱ्या उपग्रहापर्यंत जमिनीच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश पोहोचतो. ढेकळाखाली वीतभर काय आहे, हेही त्याला दिसत नाही. यावर रडारचा दाखला दिला जातो, आणि तो खोटा नाही: 1981 मध्ये कोलंबिया या अंतराळयानावरील रडारने सहारातील वाळूखाली गाडली गेलेली जुनी नदीपात्रे दाखवली होती. मात्र ती वाळू पराकोटीची कोरडी होती आणि तरीही रडारच्या लहरी तिच्यात काही मीटरच उतरल्या होत्या. आपल्या ओल धरणाऱ्या काळ्या चिकण मातीत त्या तेवढ्याही उतरत नाहीत.

मग तो निळा रंग येतो कुठून? खडक, माती, उतार, ओढ्यानाल्यांची घनता, पाऊस आणि प्रतिमेत दिसणाऱ्या सरळ रेषा यांचे थर जीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत एकावर एक ठेवले जातात, प्रत्येक थराला किती वजन द्यायचे हे माणूस ठरवतो आणि जिथे बेरीज जास्त तिथे निळा रंग भरला जातो. या बेरजेत खोली आणि इंच कुठेच नसतात; ते आकडे संदेशवाल्यांनी पदरचे घातले आहेत. सरळ रेषा म्हणजे खडकातली भेग असू शकते, तसा बांध किंवा रस्ताही असू शकतो. मामांच्या स्क्रीनशॉटमध्ये ‘भेग’ म्हणून दाखवलेली रेषा मी शेतात जाऊन पाहिली, तर ती कालव्याची चारी निघाली.

गट नंबराचा दावा तर मोजपट्टीपुढेच टिकत नाही. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका 30 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा असतो. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने पिण्याच्या पाण्याच्या योजनांसाठी केलेले भूजल नकाशे 1:50,000 प्रमाणाचे आहेत. त्यांवर एक मिलिमीटर म्हणजे 50 मीटर, त्यामुळे अख्खा एकर पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो. असा नकाशा मोबाइलवर दोन बोटांनी कितीही मोठा केला, तरी त्यात नवी माहिती येत नाही. आणि बोअर असतो साडेसहा इंचांचा. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी सांधे, भेगा, सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि थरांमधल्या फटींत असते, म्हणून एका बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडचा कोरडा जातो.

‘नासाचा उपग्रह भूजल मोजतो’ हे मात्र अर्धे खरे आहे. 2002 मध्ये सोडलेली ग्रेस उपग्रहांची जोडी गुरुत्वाकर्षणातील फरकावरून पाणीसाठ्यातील बदल टिपत असे, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यांत. तिच्या लेखी आपला सगळा जिल्हादेखील लहान ठरतो.

हे नकाशे टाकाऊ आहेत, असे मी म्हणत नाही. बंधारा किंवा पाझर तलाव कुठे घ्यावा आणि कोणत्या भागात पुढची तपासणी करावी, हे ठरवताना त्यांचा उपयोग होतो, आणि पाणाड्याच्या तळहातावरच्या नारळापेक्षा मी त्यांवर केव्हाही जास्त भरवसा ठेवीन. पण त्यानंतर भूवैज्ञानिकाने शिवारात येऊन शेजारच्या विहिरी पाहायच्या असतात आणि जमिनीत सळया रोवून विद्युत रोध, म्हणजे वीज किती अडते ते, मोजायचा असतो, तरच बोअरची जागा सुचवता येते. एवढे करूनही हमी कोणी देत नाही.

संदेशाच्या शेवटी ‘पाच शेतकऱ्यांना पाठवा’ असे लिहिले होते. मामांनी तो गाडी यायच्या आधीच अकरा जणांना पाठवला होता, आणि बोअर कोरडा गेल्याचे त्यांपैकी एकालाही अजून कळवलेले नाही.