दौलताबाद दोन वर्षांत ओस पडलं म्हणे!

तो लांबलचक मेसेज शेवटी आमच्या फॅमिली ग्रुपवरही आला, आणि वर मामाचा प्रश्न, ‘फावडं घेऊन जायचं का?’ म्हणून लिहितोय. मेसेज म्हणतो: तुघलकाने दिल्ली दौलताबादला आणली, दोन वर्षांत सगळे परत गेले, तटाआतली जोती त्या ओस घरांची, घाईत सोनं जोत्याखालीच राहिलं, आणि अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या वाटेतून, वेरूळपर्यंत भुयार आहे.

दोन वर्षांत ओस? राजधानी हलली १३२७ मध्ये. त्यानंतर दहाहून जास्त वर्षांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे गेला. त्याने लिहिलंय, शहराचे तीन भाग: दौलताबाद, कटक आणि देवगिरीचा किल्ला. रत्नांचे गबर व्यापारी. शिवाय गाणाऱ्याबजावणाऱ्यांची अख्खी पेठ! प्रत्येक दुकानातून मालकाच्या घरात दार, पेठेच्या मधोमध गालिचे अंथरलेला मंडप, दर गुरुवारी तिथे कलावंतांचा प्रमुख बसायचा आणि गाणं रंगायचं. कुणासाठी, भुतांसाठी? गावातली जामा मशीद १३१८ ची, म्हणजे तुघलकाच्या आधीची. चांदमिनार १४४५ चा, बहमनींचा. पुरातत्त्व खात्याला खालच्या शहराच्या उत्खननात मुख्य रस्ते आणि त्यांना फुटलेले बोळ सापडलेत. असं गाव दोन वर्षांत उभं राहत नाही.

बरं, दिल्लीकरांचे हाल झाले आणि पुढे बरेच परतले, एवढं खरं. दिल्ली साफ रिकामी झाल्याची गोष्ट सांगणाराही बतूताच, पण ती ऐकीव. तो दिल्लीला पोचला १३३४ मध्ये. दौलताबाद मात्र त्याने डोळ्यांनी पाहिलं.

आता सोनं. बिऱ्हाड हलवताना माणूस आधी दागिने उचलतो, हे मामाला मामीने सांगावं. १८७८ च्या कायद्याने जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण माझा संताप वेगळाच आहे. जोत्याचा दगड एकदा हलवला की कुठलं दार कुठल्या बोळात उघडायचं, हे पुन्हा कुणालाच कळणार नाही.

भुयार? अंधारी म्हणजे शत्रूला चकवायला कातळात खोदलेली चढणीची वाट. ती किल्ल्यावरच उजेडात निघते. वेरूळला जायला एसटी आहे.