मायलेज मोजलं कुणी?

२०२५च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस भांडण चाललं होतं. विषय पेट्रोलचा. पुण्यातल्या दादाची गाडी २०१३ची. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं, त्यामुळे सोळा देणारी गाडी चौदावर आली, असं त्याचं म्हणणं. शिरोळचा मामेभाऊ ऊस लावतो. इथेनॉलचे पैसे कारखान्याकडे लवकर येतात आणि उसाचं बिल वेळेवर निघतं, हे त्याने स्वतः पाहिलेलं. तो म्हणाला, ‘दादा, आधी गाडीचे प्लग बघून घे.’ मग व्हिडिओंची देवाणघेवाण सुरू झाली. एकात गंजलेली पेट्रोलची टाकी, दुसऱ्यात सगळं ठीक असल्याचं सांगणारे मंत्री. शेवटी बाबा मध्ये पडले.

मी हे सगळं अमेरिकेत, मेरीलँडमध्ये बसून वाचत होते. दोघंही खोटं बोलत नव्हते, याची मला खात्री होती. पण कुणाच्याही मिठाला जागावं न लागता, गाडी रस्त्यावर नेऊन, मोजून आकडा सांगणारं त्यांच्यामध्ये कुणीच नव्हतं.

मी राहते तिथून जवळच, ओविंग्ज मिल्समध्ये, मेरीलँड पब्लिक टेलिव्हिजनचं केंद्र आहे. तिथून ऑक्टोबर १९८१पासून ‘मोटरवीक’ हा गाड्यांवरचा कार्यक्रम देशभरातल्या सार्वजनिक वाहिन्यांवर जातो. दर आठवड्याला अर्धा तास. तो सुरू झाला तेव्हा आपल्याकडे मारुती ८०० यायला दोन वर्षं होती. रस्त्यावर अँबेसेडर आणि कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी. कार्यक्रम उभा करणारे जॉन डेव्हिस त्याआधी याच केंद्राच्या शेअरबाजारावरच्या कार्यक्रमाचे निर्माते होते, आणि ते कार्यक्रमात दिसतं. गाडी म्हणजे घरानंतरचा सर्वांत मोठा खर्च, या भावनेने ते बोलतात. शून्यापासून ताशी साठ मैलांपर्यंत किती सेकंद, साठवरून थांबायला किती फूट, ठरलेल्या फेरीत प्रत्यक्षात मायलेज किती. चाळीस वर्षं तेच मोजमाप. त्यामुळे १९८५ची गाडी आणि आजची गाडी एकाच पट्टीवर शेजारी मांडता येते.

२००७मध्ये मी इथे आले तेव्हा पहिली गाडी जुनी घेतली. एका गॅरेजवाल्याने पहिल्याच भेटीत इंजिन आतून धुऊन घ्यायला सांगितलं, खर्च दीडशे डॉलर. मी त्या वेळी शिकत होते, दीडशे डॉलर म्हणजे महिन्याचा किराणा. मोटरवीकमध्ये पॅट गॉस नावाचे मेकॅनिक यायचे. त्यांचं वॉशिंग्टनच्या बाजूला स्वतःचं वर्कशॉप होतं आणि कार्यक्रम सुरू झाल्यापासून २०२२मध्ये जाईपर्यंत त्यांनी ‘गॉसेस गराज’ हा भाग सांभाळला. गाडीची वेळच्या वेळी निगा राखा, हा त्यांचा धोशा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं म्हणून ते ठरावीक काळाने बदलायचं, अशा गोष्टी मला त्या कार्यक्रमामुळेच कळायला लागल्या. ते बघून लागलेल्या सवयीने मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. इंजिन धुण्याचा त्यात उल्लेखही नव्हता. मी नाही म्हणाले. परदेशात एकट्याने घेतलेला तो पहिला ठाम निर्णय होता, म्हणून तो आजही लख्ख आठवतो.

घरच्या भांडणाकडे परत येते. इथेनॉल इथेही आहे. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, आणि त्यामागे मक्याच्या शेतकऱ्यांचं राजकारण आहे, आपल्याकडे उसाचं आहे तसंच. फरक पंपावर दिसतो. पंधरा टक्क्यांचं पेट्रोल ज्या नळीतून मिळतं तिच्यावर नारिंगी पट्टी असते आणि २००१च्या आधीच्या गाडीत ते घालू नका असं तिथेच छापलेलं असतं. माझी गाडी कोणत्या बाजूची, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. दादाला पंपावर असं काही वाचायला मिळालं नाही, आणि दुसरी नळीही मिळाली नाही. त्याचा राग मला पटतो तो इथे.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मला दोघांनाही थोडं थांबवावंसं वाटलं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के आणि दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट लिहिलेली आहे. म्हणजे मायलेज कमी होतं हे सरकारच्या कागदावर चार वर्षं आधीपासून होतं. पण सोळावरून चौदा म्हणजे साडेबारा टक्के. इथेनॉल एकटं एवढं खात नाही. उरलेलं कुठे गेलं?

हे शोधायला लागणारी माणसं आणि यंत्रं पुण्यात आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही कोथरूडचे. लहानपणी सकाळी बाबांबरोबर ज्या टेकडीवर जायचो तिला सगळे एआरएआय टेकडीच म्हणायचे. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ साली स्थापन झालेली ती संस्था देशभरातल्या गाड्या तपासून प्रमाणित करते. शोरूममध्ये ‘एआरएआय मायलेज’ म्हणून आकडा सांगतात तो तिचा. पण ती चाचणी बंद खोलीत, रोलरवर, ठरलेल्या पद्धतीने होते. खंबाटकी घाटात, चार माणसं आणि एसी लावून किती, हे ती सांगत नाही. ते तिचं कामही नाही. ते काम सार्वजनिक दूरदर्शनचं आहे.

आणि आपल्या दूरदर्शनने असं काम केलेलं आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्यावरच्या ‘आमची माती आमची माणसं’मधून बियाणं, कीड, पाणी यांबद्दल शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं शास्त्रीय माहिती मिळाली. मामा त्या वेळेला हातातलं काम टाकून टीव्हीसमोर बसायचे. कृषी विद्यापीठातला माणूस औषधाचं प्रमाण सांगायचा आणि मामा वहीत लिहून घ्यायचे. मग त्याच मामांच्या मुलाच्या मोटारसायकलबद्दल तसं कुणी का बोलू नये? २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. टायरमधली हवा, मागच्या सीटचा बेल्ट, ब्रेक हे विषय फवारणीइतकेच जीवनमरणाचे आहेत.

मोटरवीक निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. गाड्या कंपन्यांकडूनच काही दिवसांसाठी उसन्या येतात, आणि कार्यक्रम कंपन्यांशी फार गोड बोलतो ही टीका जुनी आहे. मलाही ती बरीचशी पटते. गाडी वाईट असेल तर ‘वाईट’ हा शब्द यायला हवा, आणि तो क्वचित येतो. पण इथे प्रायोजकांना नियम आहे. नाव सांगता येतं, किंमत सांगता येत नाही, ‘घ्या’ म्हणता येत नाही. बाकी पैसा प्रेक्षकांच्या वर्गणीतून आणि सरकारकडून येतो. मीही दरमहा थोडं देते. २०२५च्या जुलैमध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, त्यानंतर मी रक्कम वाढवली. सरकारच्या पैशावर पूर्ण विसंबलं की काय होतं, हे इथे त्या महिन्यात दिसलं. आपल्याकडे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९०चा, अंमलात आला १९९७ला, आणि स्वायत्ततेचा प्रश्न अजून तसाच आहे. मंत्र्यांच्या धोरणावर चालणारं पेट्रोल सरकारी वाहिनी निर्भयपणे मोजेल का, अशी शंका दादाने काढली. शंका रास्त आहे. पण उसाच्या पट्ट्यातल्या आणि शहरातल्या प्रेक्षकांना एकाच वेळी विश्वास वाटेल अशी दुसरी जागा मला तरी दिसत नाही. ऑनलाइन गाड्या दाखवणाऱ्या मुलांमध्ये काही फार मेहनती आहेत, पण त्यातल्या अनेकांचं पोट कंपन्यांच्या आमंत्रणांवर आणि जाहिरातींवर आहे.

दादाला मी एवढंच करायला सांगितलं. टाकी नळी आपोआप बंद होईपर्यंत भर, किलोमीटर लिहून ठेव, साताऱ्याला जाऊन ये, त्याच पंपावर त्याच नळीने पुन्हा भर. निघण्याआधी हवा तपास. हवा तेहेतीस हवी होती, चारही चाकांत पंचवीसच्या आसपास निघाली. ती भरून तो गेला. आकडा आला १५.१.

एका गाडीच्या एका फेरीने काही सिद्ध होत नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं. मामेभावाने रात्री उशिरा उत्तर दिलं. त्याची मोटारसायकल शिरोळ ते कोल्हापूर अशीच मोजून बघणार आहे, आणि वही कोणती वापरायची ते विचारत होता.