आयोग नेमा, पण वळिवड्याला धरून

पोलंडशी संबंध वाढवायला सरकारी आयोग हवा का? माझ्या मते हवा. फक्त तो दिल्लीत बसून चालणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं सायबेरियात हाकललेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यातली सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि पोरंच, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्यात छावणीत राहिली. शाळा, चर्च, सगळं तिथंच. खर्च लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारचा, जागा आणि शेजार कोल्हापूर संस्थानचा. पुढं फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले. लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या गांधीनगरात जातो ते हेच. बस्ता बांधणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला जाऊन आले. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. त्याच दौऱ्यात दरवर्षी २० पोलिश तरुणांना भारतात बोलावण्याची योजना जाहीर झाली, जामसाहेबांच्या नावानं. जामसाहेब म्हणजे गुजरातेतल्या जामनगरचे तेव्हाचे महाराज. त्यांनी जवळच्या बालाचडीत पोलिश पोरांना पोटाशी धरलं, ते मोठंच काम. नावाला माझी हरकत नाही. पण बालाचडीची छावणी मोडल्यावर तिथली बरीच पोरं वळिवड्यालाच आली. मग त्या २० जणांना दोन दिवस इकडं आणा की!

व्यापाराचं बघायला दोन्ही देशांचा संयुक्त आयोग आहेच. परराष्ट्र धोरणही केंद्राचं, त्यात आपण नाक खुपसायचं कारण नाही. आपल्याला हवंय ते बारीक, चिवट काम. छावणीतल्या लोकांची मुलं-नातवंडं अजून येतात. महावीर उद्यानातलं स्मारक बघतात, थडग्यांवरची नावं वाचतात. त्यांना जुन्या छावणीचा नकाशा हातात ठेवून फिरवणारा माणूस हवा. वळिवड्यातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड व्हायला हव्यात, आणि त्या आत्ताच. ती पिढी सरत आली. चार कोल्हापुरी पोरं शिष्यवृत्तीवर पोलिश शिकून आली तर हे पुढं टिकेल.

नाहीतर आयोग म्हणजे निवृत्त साहेब, सरकारी गाडी, शाल-श्रीफळ आणि वर्षातून एकदा वॉर्साचं विमान. तसलाच करायचा असेल तर पैसे वाचवा.

अध्यक्ष कुणालाही करा, मला घेणं नाही. सदस्यांत वळिवड्याचा एक आणि गांधीनगरच्या सिंधी समाजातला एक माणूस मात्र असलाच पाहिजे. आयोग मागणाऱ्या निवेदनात ती दोन माणसं नसतील तर माझी सही मागायला येऊ नका.