फांदी लागली का?

पुण्यात एक वेळ कोणाकडे हातउसने पैसे मागावेत, पण जास्वंदीची फांदी मागू नये. पैशांना निदान परतफेडीची मुदत असते; फांदीबरोबर येणाऱ्या उपदेशाला कसलीच मुदत नसते. कोथरूडमधील आमच्या गल्लीत शेंदरी रंगाची दुहेरी जास्वंद एकाच घरी आहे. त्या घरच्या काकूंनी फांदी देण्यापूर्वी माझी जी चौकशी केली, तिच्यात आमच्या गॅलरीची दिशा, कुंडीचा आकार, ऊन किती वाजता येते आणि मे महिन्यात आम्ही गावाला जातो का, इतके सगळे येऊन गेले. एवढे होऊनही कात्री माझ्या हातात मिळाली नाहीच. ती त्यांनी स्वतः चालवली.

चोरून आणलेली फांदी हमखास लागते, असे आपल्याकडे मानतात. मी यावर बराच विचार केला आहे आणि माझ्या मते त्यात तथ्य आहे, फक्त ते नीतिशास्त्राचे नसून पाण्याचे आहे. चोर घाईत असतो. सकाळच्या फिरण्यात तोडलेली फांदी तो तडक घरी नेऊन मातीत खोचतो. रीतसर मागून आणलेली फांदी मात्र चहा होईपर्यंत, मग पोहे होईपर्यंत आणि शेवटी निघताना दारात उभ्याने होणाऱ्या गप्पा संपेपर्यंत पिशवीत सुकत पडलेली असते.

फांदी घरी आल्यावर खरा कलह सुरू होतो. पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी, 15 ते 20 सेंटिमीटर लांबीची काडी घ्यायची. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा काप सरळ. तिरप्या-सरळची ही रीत मुख्यतः आपल्या सोयीसाठी आहे, कारण पाने काढलेल्या काडीचे डोके कोणते आणि पाय कोणते हे पाच मिनिटांनी भल्याभल्यांना सांगता येत नाही, आणि उलटी खोचलेली काडी सहसा मुळे धरत नाही. त्यानंतर खालची सगळी पाने काढायची, वर एक-दोन ठेवायची, तीही अर्धी कापायची आणि कळी असेल तर ती निर्दयपणे खुडायची. मुळे नसलेल्या काडीला पाणी ओढून घेणे जमत नाही. पाने मात्र हवेत वाफ सोडतच राहतात. हे शास्त्र मी घरात समजावून सांगत असताना आमच्या सौभाग्यवतींची नजर खुडलेल्या कळीवर खिळली होती. ‘‘अहो, उद्या फुललीच असती ना ती!’’ एवढेच त्या म्हणाल्या, पण ज्या सुरात म्हणाल्या, त्या सुराला उत्तर देणारे वनस्पतिशास्त्र अजून लिहिले गेलेले नाही.

आता माती. पुण्याची काळी माती गव्हाला उत्तम असेल. काडीला ती कुजवते, कारण पाणी धरून ठेवते आणि हवा खेळू देत नाही. काडीला लागते भरड वाळू, नाहीतर वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, यांचे मिश्रण. प्रत्येक गल्लीत पुनर्विकासाचे काम चालू असलेल्या शहरात वाळूची काय वाण, असे वाटून मी पिशवी घेऊन निघालो. पण बांधकामावर आता नदीची वाळू क्वचितच दिसते. असते ती दगड फोडून केलेली क्रश सँड, जिच्यातील बारीक भुकटी पाणी पडताच घट्ट बसते. वाळू शेवटी सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून आणली, आणि तिथे त्याच जास्वंदीचे फुललेले रोप विक्रीला होते, ही गोष्ट मी घरी सांगितलेली नाही.

मुळे फुटण्यासाठी काडीच्या टोकाला काय लावावे, यावर आमच्या सोसायटीत मतदानच घ्यावे लागेल. कोणी मध सांगतो, कोणी दालचिनी, कोणी कोरफडीचा गर. दालचिनीने बुरशीला थोडा आळा बसत असेल, पण मुळांना चालना देते ते ऑक्झिन, म्हणजे झाडाची वाढ चालवणारे संप्रेरक. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबांवर प्रयोग करून 1928 साली त्याचे अस्तित्व दाखवून दिले. ते शेंड्याकडे तयार होते आणि खाली उतरत खालच्या कापाशी साठते. काडीला डोके आणि पाय असण्याचे कारण हेच. दुकानात मिळणाऱ्या रूटिंग पावडरीत बहुधा त्याचाच भाऊबंद, इंडोल ब्युटिरिक आम्ल, असतो. हे सगळे मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘पण मध लावायला हरकत काय?’’

यानंतर करायचे काय, तर काहीच नाही. काडीवर बुडाकडून कापलेली पाण्याची बाटली उपडी घालायची, कुंडी सावलीत ठेवायची, वाळू नुसती ओलसर राखायची आणि चार ते सहा आठवडे हात मागे बांधून बसायचे. सगळ्यात अवघड भाग तो हाच. कारण दहा-पंधरा दिवसांत काडीच्या डोळ्यातून हिरवेगार टोक डोकावते, आणि घरात आनंदीआनंद होतो. ही पालवी अव्वल दर्जाची थापाडी असते. ती काडीत साठलेल्या पिठूळ अन्नावर फुटते. खाली मुळाचा पत्ता नसतो. शिल्लक संपली, की ती माना टाकते, आणि तोवर आपण सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवून मोकळे झालेलो असतो. आता मुळे आहेत की नाहीत हे उपटून पाहण्याचा मोह होतो. असतात ती केसासारखी आणि ठिसूळ, त्यामुळे उपटून पाहिले की ‘होती’ एवढेच कळते.

झाडांचे स्वभावही सारखे नाहीत. तगर आणि कण्हेर बिनतक्रार लागतात. चाफ्याची फांदी लगेच लावली तर कुजते. तिचा चीक वाळेपर्यंत तिला काही दिवस कोपऱ्यात नुसती उभी करून ठेवावी लागते, आणि ती कचऱ्यात जाऊ नये म्हणून घरकामाच्या मावशींना रोज आठवण द्यावी लागते. संकरित गुलाबाबद्दल मी बोलणार नाही. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते; तिथे ते लांबूनच पाहावेत.

माझी बोगनवेल मात्र लागली, आणि नको इतकी लागली. म्हणून एक रोप मी दुसऱ्या मजल्यावर दिले. काही महिन्यांनी काकांची तक्रार आली, की वेलीला नुसतीच पाने येतात, रंग म्हणून दिसत नाही. बोगनवेलीची रंगीत ‘फुले’ ही खरे तर पानांचीच रूपे, आणि ती भरभरून यायला वेलीला पाण्याचा थोडा ताण द्यावा लागतो.

‘‘पाणी तोडा,’’ मी म्हणालो.

‘‘तोडले आहे हो,’’ काका म्हणाले, ‘‘पण ही दुपारी मला नकळत घालते.’’

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या. त्या इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, ‘‘तुम्ही यांना जरा सांगा. मी दुपारचे एवढेसे घालते, पण हे रात्री उठून आख्खी बादली ओततात.’’