ज्वारीत शिरलेला माणूस

धाराशिवकडचा एक पोरगा आहे, नात्यातलाच. मराठवाडा मुक्तिसंग्रामावर शॉर्टफिल्म करतोय. १७ सप्टेंबरच्या आदल्या रात्री त्यानं स्क्रिप्ट पाठवली. एका बैठकीत वाचून काढली. पोरानं मेहनत घेतलीय. पण तिसऱ्या पानावर रझाकार, म्हणजे निजामाच्या राजवटीसाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेतला माणूस, येतो तो डोळ्यांत सुरमा घालून, दात विचकत, आणि तिथंच मला शेवटापर्यंतचं सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर त्याला फोनवर जे बोललो, तेच इथं सविस्तर लिहितोय.

युद्ध, राजकारणातले डाव आणि त्यात सापडलेलं प्रेम, असे सिनेमे मी कॉलेजपासून शोधून शोधून बघतो. 'कॅसाब्लांका' १९४२ चा. त्यात नाझी मेजर झालेला कॉनराड व्हाइट हा स्वतः हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला नट. तो प्रेमाचा सिनेमा म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला त्यातला लाचखाऊ पोलीस अधिकारी विसरता येत नाही. वारा बघून पाठ फिरवणारा माणूस, आणि शेवटी नेमकं त्याच्याच हातून एक बरं काम होतं. 'बॅटल ऑफ अल्जिअर्स' १९६६ चा. दिग्दर्शक पोन्टेकोर्वो फ्रान्सविरुद्ध लढणाऱ्या अल्जिरियाच्या बाजूनं आहे, त्यात लपवाछपवी नाही. तरी बॉम्ब फुटण्याआधी त्याचा कॅमेरा कॅफेतल्या गिऱ्हाइकांच्या तोंडावरून सावकाश फिरतो. एक लहान लेकरू आइस्क्रीम खात असतं. बॉम्ब ठेवायला आलेली बाई हे सगळं बघते आणि पिशवी तिथंच ठेवून निघून जाते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. लढा न्यायाचा होता, हे त्या लेकराकडं बघूनही मला म्हणावं लागतं, आणि हे म्हणताना आतून जे ढवळतं, त्यासाठी मी सिनेमा बघतो.

आपल्याकडं हे कुणाला जमलं नाही असं नाही. जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ चा. एका गायब माणसाबद्दल विचारत राहणारा दारुडा मास्तर आणि त्याला घरात ठेवून घेणारा साखरसम्राट. त्या हिंदूरावाचा राग येता येता त्याच्याबद्दल आपुलकी वाटायला लागते, आणि आपली आपल्यालाच भीती वाटते.

मग १९४७-४८ चा, निजामाच्या हैदराबाद संस्थानातला मराठवाडाच एवढा सपाट का रंगवायचा? लातुरात वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा सर्वेसर्वा झाला. एकीकडं निजामानं भारताशी जैसे थे करार केलेला, दुसरीकडं सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक चोरून विमानानं हैदराबादला शस्त्रं पोहोचवतोय. शोएबुल्ला खान हा 'इमरोज'चा संपादक. भारतात सामील व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला. मुसलमान माणूस, भारताच्या बाजूनं मेला. किती सिनेमांत दिसला तो? आणि आपली नांदेडकडची उमरी! ३० जानेवारी १९४८ ला स्टेट काँग्रेसच्या पोरांनी उमरीची बँक लुटली, लढ्याला पैसा हवा म्हणून. गांधींना मानणाऱ्या संघटनेची पोरं, हातात बंदुका, आणि त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पैसा घेऊन निघालेल्या त्या पोरांना ही बातमी कुठल्या वाटेवर, कुणाच्या तोंडून कळली असेल? एवढ्या एका प्रसंगावर अख्खा सिनेमा उभा राहतो.

१३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारताची फौज आली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला, १७ ला निजाम शरण आला. सगळ्या स्क्रिप्टा इथं संपतात, झेंडा वर जातो. पुढच्या आठवड्यांत काय झालं ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली. तिचा अंदाज २७ ते ४० हजार माणसं, बहुतेक मुसलमान, मारली गेल्याचा. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड, म्हणजे आपलेच दोन. अहवाल कित्येक दशकं सरकारी दप्तरात पडून राहिला. रझाकारांनी केलेले जुलूम याच्यानं तसूभरही कमी होत नाहीत. ते भोगलेली घरं मला माहीत आहेत, त्यातलं एक माझं आहे. पण दोन्ही गोष्टी एकाच मातीत झाल्या.

पोरगा फोनवर म्हणाला, "काका, मग हिरो कोण?"

मी त्याला आमच्या आजोबांचं सांगितलं. आजोबा रात्री-बेरात्री सरहद्दीवरच्या, लढ्यातल्या पोरांच्या कॅम्पावर चिठ्ठ्या पोहोचवायचे. पकडले असते तर रझाकारांनी जित्तं सोडलं नसतं. आमच्या गल्लीतल्या मुसलमान दर्जीला हे ठाऊक होतं आणि त्यानं कधी तोंड उघडलं नाही. फौज आल्यावर चार-पाच दिवसांनी रात्री तोच दर्जी बायको-लेकरं घेऊन दारात आला. आजोबांनी बायको-लेकरांना आत घेतलं, बळदाच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं बसवलं. त्याला घेतलं नाही. गडीमाणूस घरात सापडला तर सगळ्यांनाच जाळतील, म्हणाले. आजी सांगायची, "लई येळ कडी वाजवली नाही त्यानं. दोनदाच. मग ज्वारीत शिरला." ज्वारी तेव्हा डोक्याइतकी उंच. तो परत आला नाही.

आजोबा भित्रे होते का? चार जीव वाचवले त्यांनी. त्यांनी बरोबर केलं का? मला अजून सांगता येत नाही, आणि आता माझंच वय साठीला टेकलंय. आजीनं त्यांच्याशी पुढं पन्नास वर्षं संसार केला. जीव होता तिचा त्यांच्यावर, शेवटच्या आजारपणात घास तीच भरवायची. पण तिच्या पेटीत खणाची एक चोळी होती. दर्जीनं बेतलेली, धावदोरा घातलेली. ती तिनं कुणाकडून पुरी करून घेतली नाही आणि टाकलीही नाही. मला सिनेमा हवा तो या नवरा-बायकोचा.

रविवारी पोरगा घरी आला. पेटी उघडून चोळी त्याच्या हातात दिली. बराच वेळ तो धावदोऱ्यावरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "काका, त्यांचं मशीन पायाचं होतं का हाताचं?"